देवपटाचा उत्तरभाग आणि भाविकाचा विश्वास

२०१५ साली ‘देऊळ बंद’ हा मराठी चित्रपट आला. देव न मानणारा एक शास्त्रज्ञ आणि साक्षात स्वामी समर्थ यांच्यातील झगड्याची ती कथा प्रेक्षकांना भावली आणि काही वर्षांनी तिचा दुसरा भाग निघणार असल्याचे जाहीर झाले. या वार्तेवरून आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात जी चर्चा रंगली, तीत ताबडतोब दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, मूळ चित्रपटाची सर दुसऱ्या भागाला येणे शक्य नाही. दुसरा भाग म्हणजे पहिल्याच्या पुण्याईवर काढलेले कर्ज. दुसरा पक्ष म्हणत होता की, हा नियम इतर चित्रपटांना लागू असेल. देवाच्या कथेला शेवट नसतो आणि भक्ताला तिचा वीट येत नसतो, तेव्हा देवपटाचे दहा भाग निघाले तरी बिघडणार नाही. चहा संपला, तास वाजला, आणि वाद अर्धवट राहिला.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, चित्रपट-समीक्षक नव्हे. परंतु या वादाची एक बाजू निश्चितच अर्थशास्त्राची आहे, आणि दुसरी बाजू आपणा विदर्भातील लोकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. म्हणून तो अर्धवट राहू देऊ नये असे वाटले.

घटत्या उपयोगितेचा नियम आणि पोथी

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही जे नियम शिकवतो, त्यांत घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम अगदी आरंभीचा. तहानलेल्याला पाण्याचा पहिला पेला अमृतासारखा वाटतो, दुसरा बरा वाटतो, चौथा तो हाताने दूर सारतो. चित्रपटांच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांविषयी जी सार्वत्रिक तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी हाच नियम आहे. पहिल्या भागातील नवलाई एकदा उपभोगून झाली की तीच वस्तू पुन्हा तितके समाधान देऊ शकत नाही.

भक्तीचा व्यवहार मात्र या नियमाला जुमानत नाही, ही गोष्ट कोणाही मराठी माणसाला पटवून द्यावी लागू नये. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय दर सोमवारी वाचणाऱ्या स्त्रिया आपल्या घरोघरी आहेत. त्यांतील कथा त्यांना मुखोद्गत असते. पुढच्या ओवीत काय येणार हे ठाऊक असते. आणि तरीही चाळीस वर्षांच्या वाचनानंतर त्या अध्यायाची गोडी त्यांच्या लेखी कमी झालेली नसते. कीर्तनाला जाणारा मनुष्य नवी कथा ऐकण्यासाठी जात नाही. चित्रपटाच्या धंद्यातील चतुर लोकांनी हे फार पूर्वी हेरले. ज्या मालाची उपयोगिता घटत नाही, असा माल सापडल्यावर तो पुनःपुन्हा बाजारात का आणू नये, असा त्यांचा सरळ हिशेब आहे.

या हिशेबात एक चूक आहे. पोथी पुन्हा वाचली जाते तेव्हा शब्द तेच असतात, पण वाचणारी बाई बदललेली असते. मधल्या काळात तिच्या घरात कोणी जन्मलेले असते, कोणी गेलेले असते. आणि तीच ओवी या वर्षी तिला निराळे काही सांगते. दुसऱ्या भागाची गोष्ट तशी नाही. तो नवा ग्रंथ असतो, नव्या लेखकाने किंवा त्याच लेखकाने नव्या हेतूने लिहिलेला. आणि तो प्रेक्षकापाशी पहिल्या ग्रंथाइतकाच विश्वास आगाऊ मागतो. जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे तर दुकानाच्या नावलौकिकाला जसे मूल्य असते आणि दुकान विकताना ते वेगळे मोजले जाते, तसा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की येथे नावलौकिक दुकानदाराने कमावलेला नसून देवाचा आहे, आणि किंमत मात्र दुकानदार वसूल करतो. भाविकाची देवावरील श्रद्धा आटत नाही हे खरे. परंतु चित्रपटावरील त्याचा विश्वास आटू शकतो. या दोन गोष्टींतील अंतर न ओळखल्यामुळेच बहुतेक उत्तरभाग फसतात.

तंबूतील दोन रात्री

हे अंतर मी प्रथम पाहिले ते एका यात्रेतील तंबूत. आमच्या लहानपणी चंद्रपूर जिल्ह्यातील यात्रांतून फिरता सिनेमा येत असे. एका वर्षी तेथे ‘जय संतोषी माँ’ लागला होता. तो चित्रपट मूळचा १९७५ सालचा. ‘शोले’ आणि ‘दीवार’ हे प्रचंड खर्चाचे चित्रपट ज्या वर्षी आले त्याच वर्षी, अत्यल्प भांडवलावर काढलेल्या या देवपटाने त्यांच्या तोडीचे यश मिळवले होते. चित्रपटगृहाच्या दाराशी पादत्राणे काढून ठेवणे, पडद्यावर पैसे आणि फुले उधळणे, असे प्रकार तेव्हा देशभर घडल्याचे सर्वश्रुत आहे. आमच्या यात्रेतील तंबूच्या तोंडाशीही चपलांचा ढीग पडला होता. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर बसून माणसे हात जोडून पाहत होती. त्या चित्रपटातील तंत्र आजच्या दृष्टीने बाळबोध म्हणावे लागेल. पण सासरी छळ सोसणारी ती सून, तिचे ते गूळ-चण्याचे साधे व्रत, ही सारी त्या तंबूतील बायांच्या घरची हकीकत होती. ज्या व्रताला सव्वा रुपयाचा प्रसाद पुरतो, त्या व्रताची देवी त्यांना परवडणारी होती.

पुढच्या वर्षी त्याच जागी, बहुधा त्याच मालकाने, देवीचाच दुसरा एक चित्रपट आणला. त्याचे नाव आता आठवत नाही, आणि आठवत नाही हेच पुरेसे बोलके आहे. या खेपेस देवी अधिक वेळा प्रकट होत होती, ज्वाळा अधिक मोठ्या होत्या. आरंभी पुन्हा चपला बाहेर राहिल्या. पण मध्यंतरानंतर माणसे उठून मुरमुरे घ्यायला जाऊ लागली, परतताना चपला घालूनच आत आली, आणि शेवटच्या चमत्काराच्या वेळी पोरे शिट्या वाजवत होती. देवीवरील श्रद्धा कोणाचीच उणावली नव्हती. दुसऱ्या दिवशी तीच माणसे देवळासमोर रांगेत उभी होती. उणावला होता तो तंबूवरचा विश्वास. २००६ साली ‘जय संतोषी माँ’ याच नावाने नवा चित्रपट काढण्यात आला, तेव्हाही चपला बाहेर काढण्याची वेळ कोठे आल्याचे ऐकिवात नाही.

फाळके आणि प्रभात

ही अडचण आजची नाही. भारतीय चित्रपटाइतकीच ती जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. १९१७ च्या त्यांच्या ‘लंकादहना’त अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या, आणि पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक साष्टांग नमस्कार घालीत असे सांगतात. याच कथेचा पुढील भाग म्हणता येईल असा ‘सेतुबंधन’ फाळक्यांनी पुढे हाती घेतला. तो १९३२ साली बाहेर पडला, तेव्हा मधल्या पंधरा वर्षांत काळच बदलला होता. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला होता, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला होता, आणि फाळक्यांचा मूक सेतू त्या कोलाहलात उभा होता. पुढे त्यावर ध्वनी चढवण्यात आला. पण ‘लंकादहना’चे भाग्य त्याला लाभले नाही.

तथापि उत्तरभाग नेहमी पडतोच असे मानणाऱ्यांना फाळक्यांनीच उत्तर देऊन ठेवले आहे. १९१८ साली त्यांनी ‘श्रीकृष्णजन्म’ काढला आणि १९१९ साली त्याच्या पुढचा ‘कालियामर्दन’. कृष्णाची भूमिका त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली. ‘कालियामर्दन’ सुदैवाने बऱ्याच अंशी शिल्लक आहे आणि तो पाहिला म्हणजे ध्यानात येते की, येथे फाळके चमत्काराची मात्रा वाढवण्याच्या मागे लागलेले नाहीत. आरंभीच ते त्या मुलीच्या चेहऱ्यावरील नाना भाव प्रेक्षकांना दाखवतात. जणू सांगतात की ही एक मुलगी आहे, ही आता कृष्ण होणार आहे. नंतर गोकुळातील पोरांच्या खोड्या येतात, आणि नाग येतो तो त्यानंतर. पहिल्या भागात देव अवतरला. दुसऱ्या भागात तो गावात राहिला, खेळला, लोकांच्या काळजीचा विषय झाला. दुसऱ्या भागाने पहिल्यात नसलेली वस्तू आणली.

प्रभातचे उदाहरण याहून अधिक शिकवणारे आहे. दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला, मुंबईला वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ च्या व्हेनिस येथील महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या भूमिकेत इतके एकरूप झाले होते, आणि शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी रचलेले एक गीत तर अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. या यशानंतर त्याच दिग्दर्शकद्वयाने १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. कथेच्या दृष्टीने तो उत्तरभाग नव्हे. पण ज्या विश्वासावर प्रेक्षक त्याला गेले, तो विश्वास ‘तुकारामा’ने मिळवलेला होता. ‘ज्ञानेश्वर’ यशस्वी झाला, शाहू मोडकांचे काम वाखाणले गेले, आणि भिंत चालवण्याचे, रेड्यामुखी वेद वदवण्याचे त्यातील तंत्र ‘तुकारामा’तील तंत्राच्या पुढे गेलेले होते. असे असूनही दोन्ही पाहिलेल्या माणसाला विचारले, तर तो प्रथम नाव घेतो ते ‘तुकारामा’चे. त्याचे कारण माझ्या मते पागनीस नव्हेत. त्याचे कारण जिजाई आहे. गौरी या नटीने रंगवलेली ती तुकोबांची बायको सबंध चित्रपटभर एकच सवाल विचारत असते: देव खरा, भक्ती खरी, पण पोरांना खायला काय घालू? चित्रपट तिची थट्टा करतो, पण तिला गप्प करत नाही. ‘ज्ञानेश्वरा’त चमत्कार मोठे आहेत, परंतु त्या चमत्कारांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहणारी जिजाई नाही.

विदर्भाच्या कवीचा निर्वाळा

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, देवकथेचा उत्तरभाग मूळ भागाच्या बरोबरीला, किंबहुना पुढे, कधी जातो? याचे सर्वांत जुने आणि सर्वांत निःसंशय उत्तर आपल्याच भूमीतून आलेले आहे. आठव्या शतकातील महाकवी भवभूती विदर्भातील पद्मपूरचा. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. म्हणजे आपण ज्या टापूला झाडीपट्टी म्हणतो, त्याच टापूतला हा नाटककार. त्याने रामकथेवर दोन नाटके लिहिली. ‘महावीरचरिता’त रामाच्या पराक्रमाची कथा राज्याभिषेकापर्यंत येते. ‘उत्तररामचरिता’त राज्याभिषेकानंतरची, सीतात्यागाची कथा येते. आजच्या भाषेत पहिला भाग आणि दुसरा भाग. आणि संस्कृत पंडितांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा कौल असा की, भवभूती श्रेष्ठ ठरला तो दुसऱ्या भागामुळे.

भवभूतीने हे साधले कसे? ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहत आहेत. विवाह, वनवास, विरह, युद्ध, सारे भिंतीवर रंगवलेले आहे. म्हणजे पहिला भाग दुसऱ्या भागातील पात्रे स्वतः पाहत आहेत, तो आता त्यांच्यासाठी चित्र झाला आहे. ती चित्रे पाहून सीतेला पुन्हा वनात जावेसे वाटते. आणि तिच्या त्या निष्पाप इच्छेच्याच आडून तिला वनात सोडून देण्यात येते. पहिल्या भागातील विजयाचे स्मरण दुसऱ्या भागातील अन्यायाचे निमित्त ठरते. तिसऱ्या अंकात राम दंडकारण्यात परत येतो, तेव्हा तेथील वनदेवता वासंती त्याची आरती ओवाळत नाही. तू हे का केलेस, असा जाब ती त्याला विचारते. राजाला अरण्य जाब विचारते, आणि राजापाशी अश्रूंखेरीज उत्तर नसते. ज्यांचे घरदार त्या प्राचीन अरण्याच्या परिसरात आहे, त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला या प्रसंगाचे मोल अधिक सांगण्याची गरज नाही.

येथे उत्तरभागाचे रहस्य हाती लागते. मूळ भागाने देवाचा महिमा सांगितला असेल, तर उत्तरभागाने त्या महिम्याची किंमत कोणी मोजली हे सांगितले पाहिजे. तोच महिमा पुन्हा, अधिक मोठ्या आवाजात सांगण्याने काही साधत नाही.

चित्रपटसृष्टीत हे रहस्य विजय भट्ट यांना एकदा गवसले. १९४२ साली त्यांनी ‘भरत मिलाप’ काढला, आणि १९४३ साली तीच प्रेम अदीब व शोभना समर्थ ही रामसीतेची जोडी घेऊन ‘रामराज्य’ काढला. ‘रामराज्य’ हा उत्तरकांडावरचा चित्रपट. आणि रामराज्य ज्यांच्या तोंडी सतत असे, त्या गांधीजींनी १९४४ साली जुहू येथे जो चित्रपट पाहिला तो हाच. उत्तरभाग येथे मूळ भागाच्या पुढे गेला. कारण नावात रामराज्य असूनही चित्रपटाच्या केंद्रस्थानी त्या राज्यातून घालवून दिलेली स्त्री होती. पुढे १९४८ साली भट्ट यांनी तीच जोडी घेऊन ‘रामबाण’ काढला आणि पुन्हा युद्धाकडे वळले. ‘रामराज्या’चे यश त्याला लाभले नाही. दिग्दर्शक तोच, नट तेच, देवही तोच. फरक प्रश्न असण्या-नसण्याचा होता.

आरतीचे तबक

माझ्या पिढीने हा धडा दूरदर्शनवर पाहिला. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी चालली. चंद्रपूरला मामांच्या घरी गल्लीतील साठ-सत्तर माणसे जमत. माझी आजी दूरचित्रवाणी-संचाला हार घाली आणि मालिका सुरू होताच आरती ओवाळी. राज्याभिषेकाने मालिका संपली. तेव्हा पंजाबात जालंधर येथील सफाई कामगारांनी संप पुकारला. महर्षी वाल्मीकी हे त्यांचे आराध्य. आणि वाल्मीकींच्या आश्रमातील सीतेची व लवकुशांची कथा न सांगताच मालिका थांबते, हे त्यांना मान्य नव्हते. संपाचे लोण इतर शहरांतही गेले आणि सरकारला उत्तरकथेस मान्यता द्यावी लागली. चित्रपट अथवा मालिकेचा पुढचा भाग निर्मात्याने लोकांवर लादल्याची उदाहरणे शेकड्यांनी आहेत. पण समाजाच्या अगदी तळच्या थराने झाडू खाली ठेवून पुढचा भाग मागून घेतल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. त्यांना चमत्कार पाहायचा नव्हता. कथेतील आपली जागा त्यांना हवी होती.

ती उत्तरकथा सुरू झाली तेव्हा आजीने पहिल्या रविवारी नेहमीप्रमाणे आरती केली. सीतेला रथातून वनात नेण्याचा प्रसंग झाला, त्याच्या पुढच्या रविवारी मात्र तबक देवघरातच राहिले. ती रागावली होती असे नाही. रामाचे नाव तिने शेवटपर्यंत टाकले नाही. ती नुसती पदर तोंडाला लावून पाहत राहिली, आणि भाग संपल्यावर आईला एवढेच म्हणाली, “बाई, हिचं कोणीच ऐकून नाही घेतलं.” गल्लीतील बाया त्या दिवशी लगबगीने घरी गेल्या नाहीत, ओट्यावर बसून उशिरापर्यंत बोलत राहिल्या. काय बोलत होत्या ते कळण्याचे माझे वय नव्हते. पण त्या रामायणाविषयी बोलत नव्हत्या, एवढे आता कळते.

तांत्रिकदृष्ट्या उत्तरकथा मूळ मालिकेहून सरस होती असे कोणी म्हणणार नाही, आणि तिच्यातही सीतेच्या दुःखावर गोडवा चढवण्याचा प्रयत्न पुष्कळ होता. पण मूळ मालिकेने आमच्या घरात आरती आणली होती. उत्तरकथेने तेथे एक संभाषण सुरू केले.

अरण्याचा देव

अलीकडचे उदाहरण कन्नड ‘कांतारा’चे. २०२२ साली आलेला हा चित्रपट हिंदीत अवतरल्यावर आपल्याकडील तरुणांनीही आवडीने पाहिला. तुळुनाडूतील दैवाची ती कथा. पण तिच्या पोटात जमिनीचा वाद आहे. पूर्वजाने देवाच्या साक्षीने गावाला दिलेली जमीन वंशजाला परत हवी आहे, आणि वनखात्याचा अधिकारी गावकऱ्यांना त्यांच्याच रानात परके ठरवतो आहे. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांना त्यातील विधी कळले नसतील; वनखात्याचा अधिकारी मात्र भाषांतराशिवाय कळला. ज्या जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला आपल्या जंगलावरील सामूहिक हक्काची मान्यता मिळायला २००९ साल उजाडावे लागले, त्या जिल्ह्यातील मुलांना देवाने शेवटी कोणाच्या खांद्यावर हात ठेवला, हा प्रश्न करमणुकीचा नव्हता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कथेचा पूर्वभाग आला. तो मागे, कदंब राजांच्या काळात जातो. त्याची दृश्ये अधिक भव्य आहेत, आणि तिकीटविक्रीत त्याने मूळ चित्रपटाला मागे टाकले. तेव्हा बाजाराचा निकष लावला तर माझे म्हणणे येथे खोटे पडते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. तरीही एक निरीक्षण नोंदवतो. पहिला चित्रपट पाहून आलेले विद्यार्थी वनहक्काच्या कायद्याविषयी विचारू लागले होते. दुसरा पाहून आलेले विद्यार्थी त्यातील युद्धे संगणकावर कशी तयार केली, ते सांगत होते. दैव तेच होते. परंतु प्राचीन राजाचा अन्याय पाहताना आजच्या कोणालाच खुर्चीत अवघडल्यासारखे होत नाही.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल की, हे सारे शिक्षकी विचार आहेत. दिवसभर राबून आलेला मनुष्य देवपटाला जातो तो दिलासा मिळवण्यासाठी. त्याच्यापुढे प्रश्न टाकण्याचा तुम्हाला काय अधिकार? शिवाय आजकाल भावना इतक्या चटकन दुखावल्या जातात की निर्माता बिचारा चमत्काराच्या सुरक्षित वाटेने जातो, त्यात त्याचा दोष काय?

आक्षेपाच्या पहिल्या भागात तथ्य आहे. दिलासा ही क्षुद्र वस्तू नव्हे. पण खरा दिलासा दुःखाची दखल घेतल्यावाचून मिळत नाही. ‘जय संतोषी माँ’ने त्या तंबूतील बायांना दिलासा दिला, कारण त्याने आधी त्यांचा सासुरवास दाखवला होता. दुसऱ्या वर्षीच्या चित्रपटाने दुःख गाळून नुसती देवी दाखवली आणि माणसे मुरमुरे आणायला उठली. दुसऱ्या भागाविषयी म्हणाल, तर आपल्या संतांइतके देवाशी भांडलेले लोक जगात विरळा. ज्या भाषेत नामदेव-जनाबाईंनी विठ्ठलाला हक्काने फैलावर घेतले, त्या भाषेतील भाविक प्रश्नाने घाबरतो असे मानणे हा त्या भाविकाचा अपमान आहे.

आणि रामकथेपुरते बोलायचे तर आमच्या भागात प्रश्न आधीपासूनच हजर आहे. गडचिरोली जिल्ह्यातील परसवाडीसारख्या गावात गोंड समाजाचे लोक दसऱ्याला रावणदहन करत नाहीत, रावणाची पूजा करतात. आणि रामनवमीचा उत्सव त्याच जिल्ह्यात भक्तिभावाने होतो. एकाच कथेकडे दोन काठांवरून पाहणारी माणसे येथे एकाच बसमधून प्रवास करतात. पुढचा भाग लिहू इच्छिणाऱ्या लेखकाला इतकी मोठी सामग्री तिरुपतीच्या हुंडीतही सापडणार नाही.

पुन्हा त्याच गावी

शेवटी अर्थशास्त्राकडे परततो. व्यवहार एकदाच व्हायचा असेल, तर विक्रेत्याला फसवणुकीचा मोह होतो. त्याच गिऱ्हाइकाशी पुनःपुन्हा व्हायचा असेल, तर प्रामाणिकपणा त्याच्याच हिताचा ठरतो. आपल्या झाडीपट्टीतील नाटक मंडळ्या हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय जाणतात. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की वडशाहून निघालेल्या या मंडळ्या शंकरपटाच्या, मंडईच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके करतात. कुरखेड्याकडील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे शहराचे लक्ष गेले. पण ती चालत आली आहे ती पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावात जायचे आहे या जाणिवेवर. गेल्या साली ज्यांना रडवले तेच शेतकरी, तेच मजूर पुढच्या साली धानाचे पैसे हाती आल्यावर तिकीट काढून समोर बसणार असतात. त्यांना गेल्या वर्षीचाच माल नवा रंग लावून विकता येत नाही. नाटक जमले नाही तर मंडळीची पुढची सुपारी दुसऱ्या कोणाकडे तरी जाते.

चित्रपटाच्या निर्मात्याला त्या गावात परतावे लागत नाही. त्याच्या मालाचा हिशेब पहिल्या तीन दिवसांतच आटोपतो. म्हणून देवपटाचा दुसरा भाग काढणाराची जबाबदारी अधिक जड आहे, कारण ती कोणी वसूल करू शकत नाही. ‘देऊळ बंद’चा असो, ‘कांतारा’चा असो किंवा उद्या आणखी कशाचा असो, उत्तरभाग मूळ भागाची बरोबरी करू शकतो, भवभूतीने ते आपल्याच मातीत सिद्ध करून ठेवले आहे. मात्र त्यासाठी देवाला आणखी उंच चढवून भागणार नाही. पहिल्या भागात ज्याचे ऐकून घेतले गेले नाही, त्याच्यापर्यंत त्या देवाला चालत यावे लागेल.

आमच्या प्राध्यापक-कक्षातील दोन्ही पक्षांना माझे एवढेच सांगणे आहे. ‘देऊळ बंद’चा दुसरा भाग पाहावयास जाल तेव्हा ज्वाळांची उंची आणि तिकिटांचा आकडा मोजत बसू नका. घरी आल्यावर ओट्यावर कोणी बोलत बसले आहे की काय, तेवढे पाहा.